सायकलवरून काकांकडे

पुणे ते कऱ्हाड हे अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिकच. एस. टी. असताना आम्ही एकटेच सायकलवरून निघालो, तेव्हा घरच्यांनी आम्हांला वेड्यात काढले. खरे कारण त्यांना सांगितले नव्हते. वाटणीवरून काकांशी बोलणे तुटून बारा वर्षे झाली होती. गाडीने तीनचार तासांत त्यांच्या दारात उभे राहिलो असतो. पण पहिला शब्द काय काढावा, हे ठरवायला तेवढा वेळ पुरता ना!

शिरवळला नीरा ओलांडली. खंबाटकीच्या चढावर मात्र उतरून चाललो. त्यात लाज कसली? भुईंजला कृष्णा लागली. हीच पुढे कऱ्हाडला कोयनेला भेटते. रात्री साताऱ्यास मुक्काम. दुसऱ्या दिवशी उंब्रज मागे पडले, तरी शब्द काही सुचेना. कऱ्हाडच्या अलीकडे मागचे चाक बसले. दिवेलागणीला सायकल ढकलीत वाड्यापाशी पोहोचलो.

काकांनी आधी चाकाकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"पंक्चरचं सामान आहे ना रे बरोबर?" म्हणाले, आणि परातीत पाणी आणायला स्वतःच आत गेले.