शूफचा डोंगर

लेबाननचा नकाशा पाहिलात तर प्रथम त्याचे लहानपण डोळ्यांत भरते. सारा देश १०,४५२ चौरस किलोमीटरांचा! त्यातला बैरुतच्या दक्षिणेचा शूफ जिल्हा म्हणजे एक टोक समुद्रात आणि दुसरे देवदारांत. खाली डामूरला केळीच्या बागा, वर बारूकच्या माथ्यावर जुने देवदार. ते राखण्यासाठी १९९६ साली तिथे अभयारण्य झाले.

चढ लागला की उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जमिनी दिसतात. एके काळी त्यांवर तुती होती. तुतीचा पाला रेशमाच्या किड्यांना घालायचा, कोश तयार झाले की ते उकळत्या पाण्यात टाकून तार उकलायची. एकोणिसाव्या शतकात हे रेशीम फ्रान्समध्ये ल्यों शहरी जाई. घरचा संसार चालायचा तो त्या कोशांवर. पुढे पहिले महायुद्ध आले, मग कृत्रिम रेशीम, आणि तुती गेली. पायऱ्या मात्र उरल्या.

या रेशमाचा बाजार दैर-अल्-कमरचा. नावाचा अर्थ 'चंद्राचा मठ'. किती गोड नाव, नाही का! गावच्या चौकात १४९३ ची मशीद आहे, रेशीम-व्यापाऱ्यांची जुनी वखार आहे आणि चर्चही आहे. अमीर फख्रुद्दीन दुसरा याने राजधानी बाक्लीनहून इथे आणली, ती तिथे पाण्याची टंचाई म्हणून, असे सांगतात. मला हे कारण पटते. डोंगरात राज्य टिकते ते पाण्यावर.

दरीपलीकडे बैतुद्दीनचा वाडा आहे. अमीर बशीर दुसरा याने तो १७८८ पासून पुढची तीसेक वर्षे बांधला. पाणी आणण्यासाठी त्याने लांबवरून पाट खोदवला; त्या कामी प्रत्येक धडधाकट माणसाने वर्षाला दोन दिवस फुकट राबावे असा हुकूम होता म्हणतात. वेठबिगारच ती! वाड्यातली कारंजी पाहताना एवढे ध्यानात असू द्या. १८४० साली बशीरला देशाबाहेर जावे लागले.

इथे द्रूझ आणि मारोनी ख्रिस्ती शेजारी राहत आले, आणि याच शेजाऱ्यांत रक्तही सांडले. १८६० साली दैर-अल्-कमरमध्ये ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. १९७६ च्या जानेवारीत डामूर उद्ध्वस्त झाले. १९८३ च्या डोंगरातल्या लढाईत हजारो ख्रिस्ती कुटुंबे गाव सोडून गेली. घर राहिले, पण किल्ली दुसऱ्या गावी, अशी त्यांची गत झाली. ऑगस्ट २००१ मध्ये मारोनी धर्मगुरू नसरल्ला स्फैर द्रूझांच्या मुख्तारा गावी गेले आणि दोन्ही बाजूंनी समेटाचे शब्द उच्चारले. पण समेट एका दिवसात होतो, घरे काही एका दिवसात भरत नाहीत.

युद्ध चालू असतानाच, १९८२ साली, खाली जिय्येच्या किनाऱ्यावर रोमन-बायझंटाइन काळच्या फरशा उघड्या पडल्या. रंगीत खडे बसवून केलेल्या त्या फरशा. लुटारूंचा सुळसुळाट होता. तेव्हा त्या उचलून डोंगरावर, बैतुद्दीनला आणल्या. तुम्ही तिथे गेलात तर खालच्या मजल्यावर, अमिराच्या घोड्यांच्या पागेत, त्या मांडलेल्या दिसतील.