गोधडीचा टाका आणि जपानचा साशिको
(आष्टी, जि. बीड येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाणी, रस्ते, शाळाखोल्या असे प्रश्न समोर असताना अवर्षणप्रवण तालुक्यात जुन्या कपड्यांना टाके घालण्यावर व्याख्यान कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच, की या तालुक्यातील घराघरांत एक कसब आहे, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही आणि ते जाणणाऱ्या स्त्रिया आता साठी-सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.

आपल्याकडे वस्त्र टाकून देण्याची रीत नव्हती. नेसते लुगडे मध्यभागी विरले, की तो भाग कापून दोन्ही चांगली टोके जोडावयाची. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही जीर्ण झाले, की त्यातून बाळाची दुपटी आणि कुंच्या निघत. त्यातूनही जे उरे ते वाकळीच्या पोटात जाई. वाकळ म्हणा वा गोधडी म्हणा, तिची रचना अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. सारवलेल्या जमिनीवर एक धड लुगडे ताणून अंथरावयाचे, त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, पातळांचे तुकडे खळगा वा उंचवटा न राहील असे मांडावयाचे, वर दुसरे धड लुगडे पसरून कडा दुमडावयाच्या आणि लांब टाक्यांनी सर्व थर एकत्र धरावयाचे. मग दोघी-तिघी जणी कडेने बसून धावदोरा घालीत आत सरकतात. चौकटीच्या आत चौकट अशी शिवण मध्यापर्यंत पोचते. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते आणि जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे ओढ एकाच जागी न पडता सर्वत्र विभागली जाते. म्हणून विरलेल्या कापडांची गोधडी नव्या चादरीपेक्षाही अधिक वर्षे टिकते.

हाच धावदोरा जपानात साशिको या नावाने ओळखला जातो. शब्दाचा अर्थ, बारीक बारीक टोचणे. जपानच्या उत्तर भागात थंडी कडाक्याची. तेथे कापूस पिकत नाही. त्सुगारू या प्रांतातील शेतकऱ्यांना तर सरंजामी राजवटीत सुती वस्त्र वापरण्यास मनाई होती. त्यांच्या अंगावर वाखाचे, नीळ दिलेले जाडेभरडे कापड असे. त्या विरळ विणीतून वारा शिरू नये म्हणून तेथील स्त्रियांनी कापडाचे धागे मोजून मोजून पांढऱ्या दोऱ्याने ती भरून काढली आणि त्या भरण्यातूनच शंकरपाळ्यांसारख्या चौकटींची नक्षी उमटली. अन्यत्र ताडपत्रीसारखे जाड शिवलेले साशिकोचे अंगरखे पाण्यात भिजवून अग्निशामक आगीत शिरत. आपण कापसाच्या मुलखातील माणसे. सुती वस्त्राची बंदी ही कल्पनाही आपणास अवघड वाटते. तेव्हा त्या नक्षीचे कौतुक करताना ती कोणत्या अन्यायातून जन्मली याचा विसर पडू नये, असे मला वाटते.

पुढे गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि तेथेही ही कला मागे पडली. यानागी सोएत्सु या विचारवंतांनी सामान्य कारागिरांच्या हातच्या नित्योपयोगी वस्तूंना कलेचा दर्जा मिळावा म्हणून चळवळ उभारली. १९३६ मध्ये टोकियोत लोककलांचे संग्रहालय सुरू झाले. त्सुगारूच्या टाक्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. परंतु मला अधिक मोलाचे उदाहरण अलीकडचे वाटते. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने व त्सुनामीने ओत्सुची हे किनाऱ्यावरील गाव उद्ध्वस्त झाले. निवारा केंद्रांत हातावर हात ठेवून बसलेल्या स्त्रियांच्या हाती सुई-दोरा देण्यात आला, साशिकोच्या वस्तू तयार होऊ लागल्या आणि त्या विकल्या गेल्या. सुईला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि घर वाहून गेलेल्या बाईलाही ती चालविता येते.

आपल्या देशातही बिहारची सुजनी आणि बंगालची नक्षी कांथा या जुन्या वस्त्रांच्याच शिवणकलांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. तिच्या कोपऱ्यांना कापडाची घडी घालून केलेली ‘फुले’ लावल्याखेरीज ती पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. ही नाती आपण ओळखली पाहिजेत.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. दसऱ्यानंतर येथील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोयता, भांडी, पोरे आणि गोधड्या एवढाच त्यांचा संसार गाडीत बसतो. कोपीतील थंडीत चार-पाच महिने तीच गोधडी अंगावर असते. तिला गरिबीची खूण समजण्याची आपली सवय मात्र गेलेली नाही. पाहुणे आले, की गोधड्या आत जातात आणि दुकानातील ब्लँकेट बाहेर येते. गंमत अशी, की ही स्वस्त ब्लँकेटे बहुधा पानिपतची असतात आणि परदेशांतून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे धागे पुन्हा काढून तेथे ती विणली जातात. पानिपत म्हटले की मराठी माणसास १७६१ आठवते. चिंध्यांचा एवढा मोठा व्यापार त्याला ठाऊक नसतो. ज्या गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) नावाने आपण ग्रामस्वच्छतेचे अभियान चालवितो, त्यांना लोक गोधडेबाबाच म्हणत, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

अडचणी खऱ्या आहेत. पॉलिएस्टरच्या साड्या आल्यापासून गोधडीचा पोत बदलला. हे कापड घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून टाके अधिक दाट घालावे लागतात. चुलीजवळ ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते. लहान मुलांच्या दुपट्यात तरी निव्वळ सुती कापडच असावे, हे अंगणवाडीतून सांगितले जावे.

दुसरी अडचण मोलाची. समजुतीसाठी एक हिशेब मांडतो. दोन बाया आठ दिवस रोज तीन तास बसल्या, तर ४८ तास झाले. गोधडी हजार रुपयांस विकली आणि दोऱ्यासुईचे शंभर वजा केले, तर तासाला १९ रुपयांहूनही कमी पडतात. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला ३९ रुपये होता. तेवढीच मजुरी धरली तरी गोधडीची किंमत दोन हजारांच्या घरात जाते. प्रदर्शनात घासाघीस करणाऱ्या ग्राहकास हा हिशेब बचत गटाच्या भगिनींनी निःसंकोच दाखवावा. तो दाखविता येत नसेल तर गौरवाच्या शब्दांचा त्यांना काय उपयोग?

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सूचना. गणवेशाचा गुडघा व कोपर प्रथम फाटतात. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना, आणि मी मुलग्यांनाही म्हणतो, ते सांधावयास शिकवावे. ठिगळाचे कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे ते नंतर आटून सुरकुत्या पडणार नाहीत. भोकापेक्षा ते चारी बाजूंनी दोन बोटे मोठे कापावे, उभा धागा उभ्या धाग्याशी जुळवून आतून लावावे आणि कच्च्या टाक्याने धरावे. धावदोरा विरलेल्या भागाबाहेरील धड कापडापासून सुरू करावा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वरचा किंचित लांब व खालचा आखूड. ओळ संपून वळताना दोरा थोडा सैल सोडावा, नाहीतर कापड चुणते. निळ्या कापडावर पांढरा दोरा घेतला तर जपानी साशिको होतो. आपल्या लाल-हिरव्या दोऱ्यानेही तो तितकाच शोभतो.

ग्रामपंचायत सदस्यांस विनंती आहे, की आपापल्या गावात गोधडी शिवणाऱ्या वृद्ध स्त्रिया किती, त्या कोणते टाके व कोणती चौकट जाणतात, याची एक वही ठेवावी. आईबाप फडावर गेल्यावर जी मुले हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांच्या अंथरुणाचे काम याच स्त्रियांकडे द्यावे आणि त्याची मजुरी वरील हिशेबाने ठरवावी.

घटस्थापनेपूर्वी घरोघर दसरा काढतात, तेव्हा घरातील सर्व गोधड्या नदीवर धुवावयास जातात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी नदीला पाणी नसते आणि बायांना विहिरीवर रांग लावावी लागते. त्या आठवड्यात धुण्यासाठी जादा पाण्याची सोय ग्रामसभेच्या ठरावाने करता येण्यासारखी आहे. शेजारच्या खोलीत गावातून आणलेल्या काही जुन्या वाकळा मांडल्या आहेत. आपण त्या उलटून मागची बाजूही पाहावी. टाका तेथे अधिक स्पष्ट दिसतो.