बढतीची परीक्षा न्याय्य आहे का, हे कसं ओळखायचं?

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड इथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. वकील नाही, अग्निशमन दलातही नाही. तरी आज आगीच्या बंबावरच्या माणसांच्या परीक्षेबद्दल बोलणार आहे. त्याला कारण तुमच्यापैकीच एक जण आहे. गेल्या ईदला गावी आलो होतो, तेव्हा फायरमन भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने मला विचारलं, "भाई, भरती तर होऊन जाईन. धावायला मी कमी नाही. पण पुढे बढतीची वेळ आली की आपल्याला कोण विचारणार?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "सगळी सेटिंग असते, नाद सोड." दुसरं, "मेहनत कर, मार्कांपुढे कोणाचं चालत नाही." मी आयुष्यात ही दोन्ही उत्तरं दिली आहेत. दोन्हींची सोय एकच, की ती दिल्यावर परीक्षेकडे बघावं लागत नाही. आज आपण परीक्षेकडेच बघू.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. रात्रपाळीत बिघाड शोधून दुरुस्त करणाऱ्या मुलांमधून वरच्या पदासाठी निवड करायची होती. ऑनलाइन चाचणी मी तयार केली. लांबलचक इंग्रजी उतारे, घड्याळ लावलेलं, शेवटी पर्याय निवडायचे. मराठी आणि उर्दू माध्यमातून आलेली मुलं मागे पडली. कोणी तक्रार केली तर माझं उत्तर ठरलेलं, "पेपर सगळ्यांना सारखाच होता." मग एका वरिष्ठाने सुचवलं, की ते वरचं काम आधीपासून उत्तम करणाऱ्या माणसालाच चाचणीला बसवून बघ. बसवलं. तो नापास झाला. माणूस तर काम रोज करत होता, म्हणजे खोट चाचणीत होती. मी मोजत होतो इंग्रजी वाचायचा वेग, आणि त्याला नाव दिलं होतं पात्रता. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण ज्यांची बढती हुकली, त्यांच्यासाठी त्याने काय फरक पडला?

आता खऱ्या आगवाल्यांकडे येतो. या विषयावरचा जगातला सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचा आहे. शहर लहान, कनेटिकट राज्यातलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकसंख्येत काळे आणि हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक, मिळून ३० टक्के होते. अग्निशमन दलातल्या ५०२ जवानांत मात्र त्यांचं प्रमाण होतं ३.६ टक्के. पुढे खटले झाले, भरती सुधारली, खालच्या पदांवर माणसं आली. वरची पदं तशीच राहिली. २००३ मध्ये २१ कॅप्टनपैकी काळा कॅप्टन एकच होता.

त्या वर्षाच्या शेवटी लेफ्टनंट आणि कॅप्टन या पदांसाठी बढतीची परीक्षा झाली. लेखीला ६० टक्के वजन, तोंडीला ४० टक्के, पास व्हायला ७० गुण. लेफ्टनंटच्या परीक्षेला ७७ जण बसले. त्यांत ४३ गोरे, १९ काळे, १५ हिस्पॅनिक. पास झाले ३४. त्यांत २५ गोरे, ६ काळे, ३ हिस्पॅनिक. जागा होत्या आठ, आणि नियमाप्रमाणे पहिल्या दहांतूनच निवड करता येत होती. ते दहाही जण गोरे होते. कॅप्टनच्या सात जागांसाठी नऊ जण पात्र ठरले, सात गोरे आणि दोन हिस्पॅनिक. दोन्ही याद्यांत मिळून एकही काळा जवान नाही.

वही असेल तर हिशोब लिहून घ्या. गोऱ्यांमध्ये ४३ पैकी २५ पास, म्हणजे सुमारे ५८ टक्के. काळ्यांमध्ये १९ पैकी ६, सुमारे ३२ टक्के. हिस्पॅनिकांमध्ये १५ पैकी ३, म्हणजे २० टक्के. अमेरिकेत १९७८ पासून एक सोपी चाळणी वापरतात, चार-पंचमांशाची. ज्या गटाचं पास होण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, त्याच्या किमान ८० टक्के प्रमाण इतर गटांचं असावं. ५८ चे ८० टक्के म्हणजे साधारण ४६. इथे ३२ आणि २० आहेत, चाळणीच्या बरेच खाली.

पण थांबा. एवढ्यावरून परीक्षा अन्यायाची होती हे सिद्ध होत नाही. ही चाळणी ताप मोजायच्या थर्मामीटरसारखी आहे. ताप आहे एवढं ती सांगते, कशामुळे आहे ते सांगत नाही. पुढचा प्रश्न वेगळा आहे. या परीक्षेत जे विचारलं, त्याचा त्या कामाशी संबंध आहे का? आणि तेच काम तपासायचा कमी नुकसानीचा दुसरा मार्ग होता का?

हा प्रश्न १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात पक्का केला. त्या वीज कंपनीने चांगल्या विभागांत जायला शाळेचा डिप्लोमा आणि दोन चाचण्यांची अट घातली होती. काळे कामगार त्यात गळत होते. आणि डिप्लोमा नसलेले जुने गोरे कामगार त्याच विभागांत तेच काम नीट करत होते. न्यायालयाने एकमताने सांगितलं, की हेतू चांगला असला तरी भागत नाही. अट कामाशी जोडलेली आहे हे मालकाने दाखवलं पाहिजे.

पुन्हा न्यू हेवनला या. निकाल पाहून शहर घाबरलं. काळ्या जवानांनी दावा लावला तर काय, म्हणून सुनावण्या झाल्या. शेवटी २००४ मध्ये मंडळाची मतं दोन विरुद्ध दोन पडली आणि निकाल मंजूरच झाला नाही. कोणालाच बढती नाही.

इथे दोन माणसांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिला फ्रँक रिची. गोरा. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनात अडचण. पुस्तकं घ्यायला आणि ती शेजाऱ्याकडून वाचून टेप करून घ्यायला मिळून हजार डॉलरच्या वर खर्च केला, रोज आठ ते तेरा तास अभ्यास केला. लेफ्टनंटच्या यादीत ७७ मध्ये सहावा आला. आणि निकाल रद्द.

दुसरा मायकल ब्रिस्को. काळा. त्याच परीक्षेच्या तोंडी भागात तो पहिला आला होता. पण लेखीचं वजन ६० टक्के असल्यामुळे एकूण यादीत २४ वा गेला. ६०-४० हे प्रमाण कशावरून ठरलं होतं? आगीच्या ठिकाणी अधिकारी काय करतो याचा अभ्यास करून नव्हे. शहर आणि कामगार संघटना यांच्यातल्या वीसेक वर्षांपूर्वीच्या करारात ते होतं, म्हणून होतं.

सुनावण्यांत काही जवानांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुस्तकं महाग होती, काहींना वेळेवर मिळालीच नाहीत. आणि ज्यांच्या घरात आधीपासून कोणी दलात होतं, त्यांना साहित्यही मिळालं आणि मार्गदर्शनही. ज्या समाजाला दलात शिरूच दिलं नव्हतं, त्याच्या घरात असा काका किंवा मोठा भाऊ कुठून येणार?

रिचीसह १७ गोरे आणि एक हिस्पॅनिक जवान न्यायालयात गेले. २९ जून २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलं त्याचा सारांश असा: फक्त आकडे बघून, दाव्याच्या भीतीने, परीक्षा झाल्यावर निकाल फेकता येत नाही. परीक्षा सदोष होती याचा भक्कम आधार हवा. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने बरीच काळजी घेतली होती, हेही निकालात नोंदलं आहे. तोंडी परीक्षेच्या तीन जणांच्या प्रत्येक मंडळात दोन सदस्य अल्पसंख्याक होते. विरोधी मत न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं. त्या म्हणाल्या, की आगीसमोर माणसांना सांभाळणं आणि दबावाखाली निर्णय घेणं हे पर्यायी प्रश्नांच्या कागदावर नीट मोजलं जात नाही, आणि इतर शहरांत याहून चांगल्या पद्धती होत्या. पुढे ब्रिस्कोनेही शहरावर दावा लावला, आणि २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने तो चालू ठेवायला परवानगी दिली.

तुम्ही म्हणाल, कोण बरोबर? मला विचाराल तर रिचीची तक्रार खरी आहे आणि ब्रिस्कोचीही. चूक शहराची. वजन कशाला किती, पुस्तकं कोणाला मिळतात, प्रश्न कामाला धरून आहेत का, हे सगळं पेपर छापायच्या आधी तपासायचं असतं. त्यांनी ते उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर विचारलं. आधी विचारलं असतं तर ब्रिस्कोला न्याय देता आला असता आणि रिचीची मेहनतही वाया गेली नसती. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये हेच शिकतो. चाचणी सोडायच्या आधी तपासली तर दुरुस्ती स्वस्त पडते. लोकांनी वापरल्यावर दुरुस्त करायला गेलात, तर कोणाचं तरी नुकसान होतंच.

आपल्या देशात असं काही घडतं का? २५ मार्च २०२१ चा लेफ्टनंट कर्नल नितीशा विरुद्ध भारत सरकार हा निकाल वाचा. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देताना वैद्यकीय निकष पुरुषांसारखाच लावला होता. ऐकायला समान. पण पुरुष अधिकाऱ्यांची ती तपासणी नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी, तरुण वयात झालेली. या महिलांना मात्र इतकी वर्षं तो मार्गच बंद होता, आणि चाळिशी उलटल्यावर त्यांना तीच पट्टी लावली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं, आणि तसं म्हणताना त्याच ग्रिग्ज खटल्याचा आधार घेतला. म्हणजे वीज कंपनीतल्या कामगारांनी लढलेला मुद्दा आपल्या महिला अधिकाऱ्यांच्या उपयोगी पडला.

आता तुमच्या बाजूला येतो. दलात गेल्यावर जवान, मग तांडेल, मग उप-अग्निशमन अधिकारी, अशी पायरी चढायची असते. ही पायरी फक्त पगाराची नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. त्या आगीने मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा जीव घेतला. वर्दी आल्यावर आत कोणी जायचं, कधी मागे फिरायचं, हे अधिकारी ठरवतो. म्हणून चुकीची परीक्षा म्हणजे नुसता एका जवानावर अन्याय नाही. ज्याच्या घराला आग लागली आहे, त्याचंही ते नुकसान आहे.

तेव्हा कोणत्याही परीक्षेबद्दल रागवायच्या आधी चार प्रश्न विचारा. एक, प्रश्न त्या पदाच्या कामातून आलेत का? दोन, लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक यांचं वजन कोणी, कशावरून ठरवलं? तीन, अभ्यासाचं साहित्य सगळ्यांना, त्यांच्या भाषेत, वेळेवर मिळालं का? चार, कोणत्या गटातले किती बसले आणि किती पास झाले?

चौथ्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर मिळत नाही, कारण बहुतेक निकालांत तशी मोजणीच मांडलेली नसते. न्यू हेवनमध्ये वाद घालता आला, कारण आकडे टेबलावर होते. आपल्याकडे मुसलमानांचं सरकारी नोकरीतलं स्थान मोजायला २००६ ची सच्चर समिती लागली. महाराष्ट्रात २०१३ मध्ये महमूदुर रहमान समितीचा अहवाल आला. पण आपण फक्त आपलंच मोजा असं म्हणू नये. मराठी माध्यम, उर्दू माध्यम, खेड्यातले, शहरातले, मुली, ऊसतोड कुटुंबातले, सगळ्यांचं मोजा म्हणा. त्या मागणीत आपल्या शेजारचा वंजारी, दलित, मराठा मुलगाही तुमच्या सोबत उभा राहील.

साधन हातात आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्जाला साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. पुढे काही परीक्षांबाबत त्याला मर्यादाही घातल्या, म्हणून अर्ज नेमका लिहा. "अन्याय झाला" असं मोघम लिहू नका. "गुणांची विभागणी कोणत्या निर्णयाने ठरली, त्याची प्रत द्या" असं लिहा.

आणि शेवटी, परीक्षा घेणाऱ्यांना जे विचारायचं ते आधी स्वतःला विचारू. आपल्या अभ्यासिकेत कोणाचा भाऊ पोलिसात आहे, त्याच्या नोट्स त्याच्याच कपाटात राहतात का? संध्याकाळ झाली की मुली घरी जातात आणि मुलं रात्री अकरापर्यंत बसतात. मग दोघांचा पेपर सारखा म्हणून स्पर्धा सारखी झाली का? हे बदलायला सर्वोच्च न्यायालय लागत नाही. नोट्सच्या झेरॉक्स आणि मुलींसाठी सकाळची वेळ, एवढ्याने सुरुवात होते.

ज्या मुलाने मला ईदला प्रश्न विचारला, तो आज इथे बसला आहे. त्याला माझं उत्तर: बाबा, कोण विचारणार याची वाट बघू नकोस. अभ्यास रिचीसारखा कर, आणि ब्रिस्कोने विचारलेला प्रश्न पेपरच्या आधी विचार. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.