कलावंताचे दप्तर

एखाद्या चित्रकाराच्या निधनानंतर त्याचे घर आवरण्याची वेळ येते, तेव्हा तेथील वस्तूंची आपोआप दोन भागांत विभागणी होते. चौकटीत बसविलेली चित्रे एका बाजूस ठेवली जातात. त्यांची मोजदाद होते, त्यांना किंमत येते. दुसऱ्या बाजूस पत्रे, निगेटिव्हची पाकिटे, प्रदर्शनांच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे, सुताराला काढून दिलेली मापे आणि लोहाराच्या पावत्या यांचा ढीग साचतो, आणि तो बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूत जातो. चित्रकार रंग आणि कॅनव्हास एवढ्यावरच काम करीत होता तोपर्यंत या विभागणीने होणारे नुकसान मर्यादित होते. कारण चित्र शाबूत असे आणि पुष्कळसे ते स्वतःच सांगत असे. गेल्या अर्धशतकात मात्र कलाकृतीचे स्वरूपच पालटले आहे. छायाचित्र, लोखंड, काच, पाणी, ध्वनी, टाकाऊ वस्तू असे नाना पदार्थ एकत्र आणून एखाद्या दालनात महिना-दोन महिने उभी राहणारी आणि पुढे मोडून टाकली जाणारी रचना, जिला अलीकडे मराठीत मांडणशिल्प म्हणतात, आज चित्राइतकीच रूढ झाली आहे. ती मोडल्यावर मागे उरतो तो हाच दुसऱ्या बाजूचा ढीग. तो गेला की कलाकृतीही गेली.

या दृष्टीने दिल्लीचे दिवंगत कलावंत विवान सुंदरम यांचे उदाहरण फार उद्बोधक आहे. त्यांचा जन्म 1943 साली शिमला येथे झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि नंतर लंडनच्या स्लेड कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. 1981 साली मुंबई आणि दिल्ली येथे ‘प्लेस फॉर पीपल’ या नावाने सहा चित्रकारांचे जे प्रदर्शन भरले व पुढे गाजले, त्या सहांत भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि आपले सुधीर पटवर्धन यांच्याबरोबर सुंदरमही होते. 1990 नंतर त्यांनी कुंचला बराचसा बाजूला ठेवला आणि छायाचित्रे व मिश्र साहित्य यांच्या रचनांकडे ते वळले. त्यांचे वडील के. व्ही. के. सुंदरम हे आय. सी. एस. अधिकारी, 1958 ते 1967 या काळात ते भारताचे मुख्य निवडणूक आयुक्त होते. कचेरीतील कागद सांभाळण्याची शिस्त मुलाकडे वडिलांकडून आली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यास पुरावा नाही. ती आईच्या घराण्यातून आली, यास मात्र भरपूर पुरावा आहे.

आई इंदिरा या अमृता शेरगिल हिच्या धाकट्या भगिनी, आणि या दोघींचे वडील उमरावसिंह शेरगिल. संस्कृत व फारसीचे व्यासंगी असे हे शीख सरदार आयुष्यभर छायाचित्रे काढीत राहिले. बुडापेस्ट, शिमला, पॅरिस अशा नाना ठिकाणी आपली हंगेरियन पत्नी, दोन्ही मुली आणि स्वतःलाही त्यांनी इतक्या वेळा कॅमेऱ्यासमोर बसविले, की त्या काळातील फारच थोड्या भारतीय कुटुंबांचा असा चित्रलेख उपलब्ध असेल. ही छायाचित्रे त्यांनी जगासाठी काढलेली नव्हती. ती घरात राहिली, आणि राहिली म्हणूनच पुढचे सारे घडू शकले.

याच घरात एक विपरीत गोष्टही घडली. अमृताने आपल्याला आलेली पत्रे आईवडिलांच्या घरी ठेवली होती. ती वडिलांनी जाळून टाकली. मुलीची खाजगी पत्रे परक्याच्या हाती पडू नयेत, असाच त्यांचा हेतू असणार. ही बातमी कळल्यावर अमृताने वडिलांना जे पत्र लिहिले, त्यात दुःखही आहे आणि बोचरा उपरोधही. जाळलेली पत्रे गेली. त्यांच्याविषयीची ही तक्रार मात्र टिकली, कारण ते पत्र वडिलांनी जपून ठेवले! पुढे 2010 साली विवान सुंदरम यांनी अमृतेची पत्रे व लेखन यांचे दोन खंड संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा ते पत्र सर्वांना वाचावयास मिळाले. 1941 च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरला निधन पावलेल्या या चित्रकर्तीविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा भाग अशा वाचलेल्या कागदांवर उभा आहे. आणि जे सांगता येत नाही, त्याचा काही भाग तरी त्या राखेत आहे.

नातवाने आजोबांची पेटी उघडली ती निव्वळ वारसदार म्हणून नव्हे. 1983-84 मध्ये त्याने शेरगिल कुटुंबाचे एक मोठे तैलचित्र रंगविले. 1995 साली त्याने ‘शेरगिल अर्काइव्ह’ हे मांडणशिल्प केले. आणि 2001-02 मध्ये ‘री-टेक ऑफ अमृता’ ही छायाचित्रमालिका सिद्ध झाली. तिच्यात उमरावसिंहांची मूळ छायाचित्रे संगणकावर घेऊन एकमेकांत मिसळली आहेत. निरनिराळ्या वर्षी आणि निरनिराळ्या शहरांत काढलेल्या प्रतिमा एकाच खोलीत येतात. वृद्ध पिता आणि तरुण कन्या आरशातून एकमेकांकडे पाहतात. मध्येच अमृतेचे एखादे चित्र भिंतीवर प्रकट होते. जोड कोठे दिला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. पाहणाऱ्याला क्षणभर वाटते, की हा प्रसंग खरोखरच असा घडला असावा.

कलेच्या दृष्टीने हे फार मोठे यश आहे. अभिलेखपालाच्या दृष्टीने मात्र येथेच संकटाला आरंभ होतो. मूळ काचपट्टी आणि तिच्यापासून रचलेली प्रतिमा ही दोन्ही एकाच घरातून, एकाच आडनावाच्या माणसांच्या हातून पुढच्या पिढीकडे जातात. कोणती प्रतिमा उमरावसिंहांची आणि कोणती तिच्या नातवाच्या कल्पनेची, याची नोंद शेजारी नसेल, तर पन्नास वर्षांनी एखादा चरित्रकार नातवाची कल्पना आजोबांच्या नावावर छापील, आणि त्यास दोषही देता येणार नाही. म्हणून अशा दप्तरात प्रत्येक रचनेच्या नोंदीपुढे तिच्यात वापरलेल्या मूळ छायाचित्रांचे क्रमांक लिहिणे हे निव्वळ कारकुनी काम राहत नाही. कलावंताने जे मुद्दाम मिसळले, ते अभिलेखपालाने तितक्याच काळजीने वेगळे ओळखता येईल असे ठेवावयाचे असते.

मांडणशिल्पांची गोष्ट याहून कठीण आहे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत ज्या दंगली झाल्या, त्यांतील रस्त्यावर पडलेल्या एका अनाम मृताचे होशी जाल यांनी टिपलेले छायाचित्र ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले होते. त्यावरून सुंदरम यांनी 1993 साली ‘मेमोरिअल’ ही रचना केली. त्या छायाचित्रावर त्यांनी खिळे ठोकले, आणि पत्र्याच्या ट्रंका रचून एक कमान उभारली. आता ही रचना दुसऱ्या शहरात, दुसऱ्या दालनात पुन्हा उभी करावयाची, तर ट्रंका कोणत्या क्रमाने रचावयाच्या, दिवा किती उंचीवर असावा, एखादी ट्रंक गंजून फुटली तर नवी आणावी की नाही, हे कोण सांगणार? वर्तमानपत्राच्या त्या छायाचित्राची मूळ प्रत कोणती, ते वापरण्याची अनुमती कोणी दिली, हेही प्रश्न आहेतच. यांची उत्तरे कलाकृतीत नसतात. ती आराखड्यांत, पत्रव्यवहारात आणि उभारणीच्या वेळी घेतलेल्या छायाचित्रांत असतात.

1998 साली कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरिअलमधील दरबार हॉलमध्ये सुंदरम यांनी बंगालच्या अर्वाचीन इतिहासावर एक विस्तीर्ण रचना केली. त्या शाही दालनात लोहमार्गाचे रूळ आले, तागाची पोती आली. प्रदर्शन संपले आणि सर्व हलविण्यात आले. त्या रचनेवरील ग्रंथ निघाला तो 2017 साली, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी. आणि इतक्या अवधीनंतर तो निघू शकला, याचे श्रेय जतन केलेल्या कागदांना व छायाचित्रांना आहे. 2008 मधील ‘ट्रॅश’ या मालिकेसाठी त्यांनी कचऱ्यातून एक संबंध नगर आपल्या चित्रशाळेच्या जमिनीवर वसविले. कचरा वेचणाऱ्यांच्या साहाय्याने गोळा केलेले ते साहित्य वापरून नगर रचले, त्याची छायाचित्रे घेतली, आणि नगर मोडले. येथे छायाचित्र हे कलाकृतीचे स्मरणचिन्ह आहे, की तीच कलाकृती आहे, याचा निर्णय तत्त्वज्ञांवर सोडावा. पण निगेटिव्हला बुरशी लागली अगर संगणकातील संचिका उघडेनाशी झाली, तर दोन्ही बाजूंचा वाद एकदमच निकालात निघेल.

विवान सुंदरम यांचे सुदैव असे, की त्यांच्या दप्तराची व्यवस्था त्यांच्या हयातीतच लागली. हाँगकाँग येथे 2000 साली स्थापन झालेल्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने त्यांचे आणि त्यांच्या पत्नी, विख्यात कलासमीक्षक गीता कपूर यांचे खाजगी संग्रह संगणकीय प्रतींच्या रूपाने एकत्र केले. 2011 मध्ये ते अभ्यासकांसाठी खुले झाले. दिल्लीच्या घरातील कागद लावण्यासाठी हाँगकाँगची संस्था यावी, याचे कोणास वैषम्य वाटेल. ते वाटावयास हरकत नाही. मात्र हे काम येथील कोणत्याही सरकारी कलासंस्थेने आधी केलेले नव्हते, हेही त्याबरोबर ध्यानात घ्यावे. त्याच संस्थेने बडोद्यातील ज्योती भट्ट, के. जी. सुब्रह्मण्यन, गुलाममोहम्मद शेख आणि रतन पारीमू यांच्या संग्रहांचेही असेच काम केले आहे. या पद्धतीत मूळ कागद मालकाच्या घरातून हलत नाहीत. त्यांची प्रत तेवढी घेतली जाते. त्यामुळे कुटुंबाच्या मनातील भीती कमी होते. परंतु कागद वाळवीपासून वाचविण्याची जबाबदारीही घरावरच राहते.

पतिपत्नींचे कागद एकत्र असण्याने एक मौजेची अडचण उभी राहते. एकाच पाकिटावर दोघांची नावे. प्रदर्शन एकाचे, प्रस्तावना दुसऱ्याची. टिपण कोणाचे आणि समासातील शेरा कोणाचा? विषयवार वाटणी करण्याचा मोह अशा वेळी अनावर होतो. तो आवरावा, असे या शास्त्राचे जुने सांगणे आहे. 1898 साली तिघा डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले गेले, की कागद ज्याच्याकडे ज्या क्रमाने निर्माण झाले, तो क्रम शक्यतो मोडू नये. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. रुमालाबाहेर पडलेला कागद कोणत्या रुमालातला, हे विसरले, की त्याचे अर्धे मोल तेथेच जाते.

हयातीत व्यवस्था लागण्याचा मुख्य लाभ मात्र क्रमाचा नाही, तो ओळखीचा आहे. सामुदायिक छायाचित्रात डावीकडून तिसरा कोण, हे पत्र कोणत्या वादाला उत्तर म्हणून लिहिले होते, या आराखड्यातील खूण म्हणजे लोखंड की लाकूड, हे फक्त एकच माणूस सांगू शकतो, आणि तो वृद्ध होत चाललेला असतो. पत्रांच्या बाबतीत कायद्याचाही गुंता आहे. आलेले पत्र ज्याला आले त्याच्या मालकीचे. पण त्यातील मजकुराचा स्वामित्वाधिकार लिहिणाऱ्याचा. संग्रह खुला करण्यापूर्वी अनुमती कोणाकोणाची घ्यावयाची, ती माणसे आज कोठे असतील, हे सांगणाराही तोच.

राज्याचे संरक्षण या कामी फारसे उपयोगी पडत नाही. अमृता शेरगिल हिची चित्रे 1972 च्या पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियमाखाली कलानिधी म्हणून घोषित आहेत आणि ती देशाबाहेर विकून नेता येत नाहीत. परंतु कलावंत हयात असेपर्यंत त्याच्या कृतीस कलानिधी ठरविता येत नाही. आणि हस्तलिखितास पुरावस्तू म्हणवून घ्यावयाचे, तर त्याला निदान 75 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. 1993 चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा शासकीय कागदांपुरता आहे. तेव्हा कलावंताच्या कागदाने पाऊण शतक आपल्या हिमतीवर काढावे, मग सरकार त्याची विचारपूस करील, असाच या तरतुदींचा एकंदर अर्थ झाला. स्वतः सुंदरम यांनी यावर वाट काढली ती खाजगी न्यासाची. 2016 साली शेरगिल-सुंदरम आर्ट्स फाउंडेशनची स्थापना झाली.

आयुष्याच्या उत्तरार्धात तर दप्तर हाच त्यांच्या कलेचा विषय होऊन बसला. 1946 च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘तलवार’वरून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावावर त्यांनी 2017 साली मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक रचना केली. अभ्यासक आशिष राजाध्यक्ष यांच्या सहकार्याने झालेल्या त्या कामात जहाजाच्या पोटासारखी एक पोलादी पोकळी उभारली होती. तिच्यात शिरून प्रेक्षकाने तो उठाव कानांनी ऐकावयाचा, आणि बाहेर त्या उठावाचे कागद व छायाचित्रे डोळ्यांनी पाहावयाची. विस्मृत झालेल्या एका बंडाचे कागद अशा रीतीने मुंबईकरांसमोर आले. आता त्या रचनेचे स्वतःचे कागद निर्माण झाले आहेत: ध्वनिमुद्रणे, मापे, करारपत्रे. तेही कोठेतरी लावावे लागणारच.

‘सिक्स स्टेशन्स ऑफ अ लाइफ पर्स्यूड’ ही त्यांची अखेरची मोठी छायाचित्रमालिका फेब्रुवारी 2023 मध्ये शारजा येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली, आणि 29 मार्च 2023 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. या मालिकेची प्रत्येक निगेटिव्ह अगर संचिका, तिच्या मुद्रणासाठी निवडलेला कागद, मुद्रणाचा आकार, आणि छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने केलेली नोंद असेल तर तीही, हे सर्व आता कलावंताला न विचारता लिहावयाचे आहे. पाठीची प्रत घेण्यास अनेक ठिकाणी विसरतात. ती प्रथम घ्यावी.