हेलसिंकी ते टोकियो: अंतर कुणाच्या हातात?

पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. फिनलंडमधून निघालेला दोरा लगेच रशियावर जातो आणि बरीचशी वाट सायबेरियावरून काढून जपानला पोहोचतो. लांबी सुमारे ७,८०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट उत्तरेकडे फुगलेली दिसते, पण तो नकाशाचा दोष. वाट सरळच आहे.

हे अंतर कधी बदललं नाही. लागणारे तास मात्र बदलत राहिले.

सोव्हिएत काळात सायबेरियावरचं आकाश बहुतेक परदेशी विमानांना बंद होतं. म्हणून १९५७ साली एसएएस कंपनीची विमानं कोपनहेगनहून निघून, अलास्कातल्या अँकरेजला थांबून टोकियोला जाऊ लागली. ही वाट उत्तर ध्रुवाजवळून जाई, आणि तिथे चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही; दिशा जायरोस्कोप आणि आकाशातल्या ताऱ्यांवरून ठरवावी लागे. विमानात बसून ती ठरवणाऱ्या माणसांबद्दल मला अतोनात आदर वाटतो. पुढे १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं डीसी-१० विमान हेलसिंकीहून उत्तर ध्रुवावरून कुठेही न थांबता टोकियोला जाऊ लागलं. सुमारे १३ तास. मग सायबेरियाचं आकाश उघडलं आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. त्यासाठी कंपन्या रशियाला पैसे मोजत होत्या, तरी इंधन वाचत होतं. हेलसिंकीचा विमानतळ आशियाकडे जाणाऱ्या युरोपीय प्रवाशांवरच मोठा झाला.

परतीला वेळ थोडा जास्त लागायचा, त्याचं कारण वारा. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेला धावणारा हा जोरदार प्रवाह वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून मोजला होता. त्याने अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, जगाने वाचावा म्हणून. जगाने तो फारसा वाचलाच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

वाऱ्याचा फरक मात्र वैमानिक आधीच हिशेबात धरतो. माणसांचं तसं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केलं. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघालं. विमान नवं, इंजिनं कितीतरी काटकसरी, आणि वेळ पुन्हा १३ तासांच्या घरात!

आपल्याकडेही हे घडलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, भारतानेही तेच केलं. दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणारी काही विमानं इंधन भरायला व्हिएन्नाला उतरू लागली. मुलाकडे निघालेल्या वयस्कर आईवडिलांना तिथला तो थांबा फार जड जातो. तिकिटावर छापलेल्या तासांमध्ये किती तास पृथ्वीच्या आकाराचे आणि किती दोन सरकारांच्या भांडणाचे, हे त्यांना कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.