चित्र कीं कथा ?

‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकन चित्रकथामालेच्या १५ व्या अंकांत, ऑगस्ट १९६२ मध्यें, स्पायडर-मॅन प्रथम अवतरला. स्टॅन ली यांची कथा अवघी ११ पानांची. अंगीं अद्भुत शक्ति आलेला पीटर गर्वानें एका पळत्या चोराला जाऊं देतो. तोच चोर पुढें त्याच्या चुलत्याचा जीव घेतो. कर्माचें फळ घरींच येतें, हा विषय जुनाच. पारडें झुकतें तें स्टीव्ह डिट्को यांच्या रेखेनें. त्यांचा पीटर पिळदार मल्ल नव्हे, चष्मा लावणारा हडकुळा विद्यार्थी आहे. (जॅक कर्बींच्या मुखपृष्ठावरील वीर मात्र चांगलाच धष्टपुष्ट !) शेवटच्या चौकटींत रात्रीच्या रस्त्यानें दूर जाणारी त्याची इवलीशी आकृति पाहावी, वरचा मजकूर झांकला तरी दुःख कळतें. अर्थात् कथा नसती तर ती आकृति कोणाही वाटसरूची वाटली असती.