बोधचिन्हातील वेलांटी

(उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि जे ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांच्या श्रमांतून वाढते, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. अशा एखाद्या प्रकल्पाचे बोधचिन्ह बदलायचे ठरले की काय होते, हे तुमच्यापैकी काहींनी अनुभवले असेल. आज्ञावलीतील अवघड दोषावर बोलायला दोघे-तिघे पुढे येतात; निळा रंग गडद हवा की फिका, यावर मात्र पन्नास जणांना मत असते. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ साली ही गंमत लिहून ठेवली. त्याच्या गोष्टीतील समिती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण शेड सर्वांनाच कळते! मुक्तस्रोत जगतात हा दाखला इतका रूढ झाला आहे की, बोधचिन्हाचा विषय निघताच ‘हे सायकलशेडचे प्रकरण’ असे म्हणून जाणती मंडळी उठून जातात. त्यांनी उठून जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याचे कारण आपल्याच लिपीतील एका अक्षरात दडलेले आहे.

विकिपीडियाचे बोधचिन्ह आपण सर्वांनी पाहिले आहे. जोडकोड्याच्या तुकड्यांचा अपूर्ण गोल आणि तुकड्यांवर निरनिराळ्या लिपींतील अक्षरे. २००३ साली स्पर्धा आणि मतदान होऊन ही कल्पना स्वीकारली गेली. त्याच वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. त्या गोलावर देवनागरीलाही मानाचे स्थान मिळाले आणि अक्षर निवडले गेले ‘वि’. पण चित्रात उमटले ते भलतेच. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी येण्याऐवजी उजव्या बाजूस जाऊन बसली होती; जणू पुढच्या अक्षराची वाट पाहत उभी आहे आणि पुढे अक्षरच नाही. पहिलीतल्या मुलानेही ही चूक दाखवली असती.

ही चूक झाली कशी, हे तुम्ही नीट समजून घेतले पाहिजे. युनिकोडमध्ये अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते. आधी ‘व’, मग इकार. लिहिताना मात्र आपण इकार डावीकडे काढतो. साठवणीचा हा क्रम उलटवून पडद्यावर वेलांटी डावीकडे आणणे, हे काम अक्षरे मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचे असते. ज्या यंत्रावर ही सोय नव्हती, तेथे साठवले त्याच क्रमाने अक्षर दिसे. म्हणजे कोणी खोडसाळपणा केला नव्हता की आपल्या लिपीचा अवमान योजून केला नव्हता. यंत्राने जे दाखवले, ते देवनागरी न वाचणाऱ्या माणसाने प्रामाणिकपणे चित्रात उतरवले. मला यात राग येण्यासारखे काही दिसत नाही. चिंता वाटण्यासारखे मात्र बरेच दिसते.

ही अवस्था एकट्या देवनागरीची नव्हती. जपानी आणि चिनी अक्षरेही चुकली होती. जून २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या चुकांची बातमी छापली, तरी दुरुस्ती व्हायला २०१० साल उजाडले. त्या वर्षी सबंध गोल त्रिमितीत नव्याने घडवला गेला आणि ‘वि’ची वेलांटी आपल्या जागी आली. सात वर्षे! ज्या ज्ञानकोशात कोणीही कोणतीही ओळ क्षणार्धात सुधारू शकतो, त्याच्या कपाळावरचे अक्षर सुधारायला सात वर्षे लागली. लेख ओळीओळीने दुरुस्त होतो. एकदा घट्ट झालेले चित्र तसे होत नाही. ते हजारो ठिकाणी उमटलेले असते. म्हणून बोधचिन्हाची चिकित्सा व्हायची ती ते ठरण्यापूर्वी.

त्या गोलावर एक अक्षर क्लिंगॉनचे होते. एका अमेरिकी दूरदर्शन मालिकेतील परग्रहवासीयांची ही भाषा! २०१० मध्ये ते काढून त्याच्या जागी इथिओपियाच्या लिपीतील अक्षर घेतले. हा बदल मला वेलांटीइतकाच मोलाचा वाटतो. कल्पित लोकांच्या लिपीला जागा मिळते आणि जिवंत माणसांची लिपी बाहेर राहते, तेव्हा हा प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही.

रंग, आकार, रेषांची जाडी या गोष्टी रुचीच्या. त्या खुशाल बहुमताने ठरवाव्यात. विकिपीडिया ज्यावर चालतो, त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरचे उदाहरण चांगले आहे. त्याच्या बोधचिन्हात सूर्यफुलाचे छायाचित्र होते. छायाचित्र लहान केले की पाकळ्यांचा चिखल होतो. २०२० साली नव्या नमुन्यांवर चर्चा आणि मतदान झाले आणि २०२१ मध्ये छायाचित्र जाऊन साध्या रेखीव पाकळ्यांचे फूल आले. सूर्यफूल राहिले. ओळख टिकवून रूप बदलण्याची ही रीत मला पसंत आहे. पण वेलांटी कोणत्या बाजूस, यावर मतदान होऊ शकत नाही. शंभर जणांनी उजवीकडे म्हटले तरी ती डावीकडेच.

आपण ज्या उस्मानपुऱ्यात जमलो आहोत, तेथे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि संत एकनाथांच्या नावाचे रंगमंदिरही आहे. नाथांचे पैठण येथून फार दूर नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. तिच्या प्रती हातोहात उतरवल्या गेल्या. कोणाला मनाई नव्हती. जितके हात, तितके पाठभेद शिरले. जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. ग्रंथ सर्वांना खुला ठेवायचा आणि पाठाची राखणही करायची, हे दोन्ही त्यांनी एकाच वेळी केले. मुक्त म्हणजे बेवारस, असा समज करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रुची आणि शुद्धता यांच्या मधलाही एक प्रांत आहे. तुमच्या प्रकल्पाच्या नावात ‘ल’ किंवा ‘श’ असेल, तर तो कोणत्या वळणाचा? मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदीतील ‘ल’ यांचा युनिकोड क्रमांक एकच, फरक टंकाचा. हिंदी वळण ही चूक नव्हे, पण ते आपले वळणही नव्हे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरवले. येथे मतदानापूर्वी माहिती हवी.

तेव्हा नमुने समोर आले की रंगाकडे पाहण्याआधी ते बोटाच्या पेराएवढे करून पाहा, मग काळ्या शाईत छापून पाहा. अक्षरे असतील तर ती टंकातून न ढळता चित्रात उतरली आहेत का, हे मराठी वाचणाऱ्या दोघांना दाखवा. त्यांतला एक संगणकाशी संबंध नसलेला असावा. आणि टंक निवडताना त्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द लिहून पाहा. दोन्ही सारखेच दिसले, तर तो टंक मराठीच्या कामाचा नाही.